‘मशीनसमोर बसवलं की आरोपी बोलतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

लाय डिटेक्टरवरच्या माझ्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लाय डिटेक्टर नव्वद टक्के तरी बरोबर निघतो, निर्दोष माणसाला घाबरायचं कारण नाही, आणि नुसतं मशीनसमोर बसवलं तरी निम्मे आरोपी पोपटासारखे बोलायला लागतात. पोलीस खात्यात उभी हयात घालवलेल्यांचा हा अनुभव मी लेखात विचारातच घेतला नाही, अशी तुमची तक्रार आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मला धास्ती वाटते ती त्याचीच. 1973 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात पीटर रायली हा 18 वर्षांचा मुलगा रात्री घरी आला, तर आई रक्ताच्या थारोळ्यात पडलेली. मदतीसाठी फोन त्यानेच केले. पोलिसांनी त्याची पॉलिग्राफ (म्हणजे लाय डिटेक्टर) चाचणी घेतली आणि ‘तू नापास झालास’ म्हणून सांगितलं. तासन्‌तास चौकशी चालली. मशीन चुकत नाही असं पोराच्या मनात इतकं भरवलं गेलं, की त्याचा स्वतःच्या आठवणीवरचाच भरवसा उडाला आणि त्याने कबुलीजबाबावर सही केली. शिक्षाही झाली. पुढे सरकारी वकील वारले. त्यांच्या फायलींत एका सहायक पोलिसाचा आणि त्याच्या बायकोचा जबाब निघाला : खुनाच्या सुमारास त्यांनी रायलीला घरापासून काही मैलांवर गाडी चालवताना पाहिलं होतं. त्यानंतर खटला रद्द झाला. आरोपी बोलला होता, साहेब. पण जे बोलला ते घडलंच नव्हतं.

आता निर्दोषाच्या भीतीविषयी. यंत्र श्वास, रक्तदाब, नाडी आणि बोटांवरचा घाम टिपतं. खोटेपणा टिपत नाही. ‘कपाटातले पैसे तुम्ही घेतले का?’ हा झाला मुख्य प्रश्न. त्याच्या जोडीला तुलनेसाठी विचारतात, ‘विश्वास टाकणाऱ्या कुणाला आजवर कधी फसवलंय का?’ निर्दोष माणूस या दुसऱ्या प्रश्नाला जास्त बिचकेल, असं धरून चालतात. पण ज्याची नोकरी आणि अब्रू त्या पैशांपायी पणाला लागलीय, त्याचं काळीज पहिल्याच प्रश्नाला धडधडणार नाही का?

नव्वद टक्क्यांचा आकडाही फसवा आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003 च्या अहवालात एक हिशेब मांडला. 10,000 कर्मचारी, त्यात 10 हेर. चाचणी चांगलीच अचूक आहे असं मानलं आणि 8 हेर सापडतील इतकी ती कडक ठेवली, तर नापास होतात सुमारे 1,600 जण. त्यात हेर फक्त 8.

तुम्ही म्हणाल, ठाण्यात दहा हजार संशयित नसतात. खरंय, चारच असतात, आणि तिथे ही चाचणी छापा-काट्यापेक्षा बरी ठरते हे मीही मानतो. पण चुकून पास झालेला माणूस तपासातून सुटतो, त्याचं काय? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अनेक बायकांचे खून करणारा गॅरी रिजवे 1984 मध्ये चाचणी पास झाला. 2001 मध्ये डीएनएमुळे पकडला गेला, तोवर आणखी बायका त्याच्या हातून मेल्या होत्या.

आपल्याकडे सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सक्तीच्या चाचणीला मनाई केली. मानवी हक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं तर 2000 पासूनची आहेत : संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकील मिळू द्यायचा. तुमच्या हाताखाली तयार झालेले अधिकारी आजही खात्यात असतील. पुढच्या वेळी ‘आरोपी चाचणीला तयार आहे’ असं त्यांनी सांगितलं, तर ती संमती कुणासमोर घेतली एवढं त्यांना जरूर विचारा. माझ्यापेक्षा तुमच्या विचारण्याला वजन आहे.