ही कोणाची स्किन आहे, सांगा बे!

छोटे खेळण्यातले शिपाई रंगवायचा रंग, १७ मिलिलिटरची बाटली, साडेतीनशे रुपये. वर लिहिलंय 'स्किन'. कोणाची? आईच्या हाताशी धरून पाहिली, बाबांच्या टकलाशी धरून पाहिली. माझा तर प्रश्नच नाही, मे महिन्यात नागपूरच्या बर्डीवरून पायी घरी आलो की मी भरताच्या वांग्यासारखा दिसतो. आमच्या घरात या रंगाचं एकच काहीतरी आहे, रसनाचं सरबत सांडलेली माझी बनियन.

दुकानात झालेलं संभाषण जसंच्या तसं सांगतो.

"भाऊ, सावळ्या माणसाचा रंग आहे का?"
"ब्राऊन घ्या ना."
"ब्राऊन लाकडाचा आहे. माणसाचा पाहिजे."
"माणसाचा म्हणजे स्किन. हा घ्या." आणि पुन्हा तीच गुलाबी बाटली.

त्याला तरी काय बोलणार! त्याच्याकडच्या बाटल्यांवरच तसं लिहिलेलं असतं. गोऱ्याच्या कातडीला 'स्किन' आणि आपल्या कातडीला 'लेदर ब्राऊन'. म्हणजे मेलेल्या जनावराची. शाळेतही तेच. "स्किन कलर दे ना बे" म्हटलं की बाजूचा पोट्टा तो पिवळट गुलाबी खडू काढून द्यायचा, आणि आम्ही उन्हात राबणारा शेतकरीसुद्धा त्याच खडूने रंगवायचो. अमेरिकेत क्रेयोलाने आपल्या 'फ्लेश' खडूचं नाव १९६२ सालीच बदलून 'पीच' केलं. आम्ही अजून स्किन कलर, स्किन कलर करून राहिलो.

मी करून राहिलो नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईचा देखावा, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. २८ मिलिमीटर उंचीचे चाळीस शिपाई. एका बाजूला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांची फौज, तिच्यात अरबही. दुसरी बाजू इंग्रजांची, पण तिथेही टेकडीवर गोळ्या झेलणारे बहुतेक मद्रासच्या पलटणींचे देशी शिपाई; गोरे म्हणजे मुख्यतः अधिकारी. माझ्या चाळिसांत गोरे तीन! तिघांसाठी तयार रंग मिळतो, सदतीस जणांसाठी मी घोटत बसायचं.

बरं, घोटलं. पहिल्यांदा सरळ ब्राऊन घेतला आणि उजळपणासाठी त्यात पांढरा टाकला. गालाची हाडं, नाकाचा शेंडा, कपाळ, जिथे उजेड पडतो तिथे तो लावला. आई चहा घेऊन आली, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "काऊन रे, याला राख फासली का?" खरंच फासल्यासारखी दिसत होती. पांढऱ्याने सावळी कातडी उजळत नाही, मरते. उजेडासाठी यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा पाहिजे, मूळ रंगासाठी बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). सावलीत काळा नको, तो चेहरा मळकट करतो. अल्ट्रामरीन निळ्याचा टिपूस पुरे. हे समजायला सात शिपाई खर्ची पडले. लढाईत तरी एवढे पडले नसते माझे.

त्यात हे रंग अॅक्रिलिक, पाण्यात कालवायचे, त्यांचा स्वभाव असा की ओला एक दिसतो, वाळल्यावर दुसराच. त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग चिकटवून धरणारा पदार्थ, ओलं असताना दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून रंग एक पायरी गडद उतरतो. म्हणजे ताटलीत जुळवलेला रंग तोंडावर जुळत नाही. आणि तोंड केवढं? तुरीच्या दाण्याएवढं. त्यात डोळे.

आता नवतपा. बाहेर पंचेचाळीस. रंगकाम शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस शांतपणे सांगतो, रंग पातळ करा, दोन-तीन हात द्या, घाई नको. घाई नको म्हणे! ये ना नागपूरला. ताटलीतून तोंडापर्यंत येईस्तोवर कुंचल्याचं टोक दाभणासारखं कडक होते. म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग असा जुगाड केला. तो बरा चालतो, पण कूलर बंद ठेवला तर मी चालत नाही. कूलर लावला की हवेने रंग आणखी लवकर सुकतो, आणि वरून तुषार. काल सुभेदाराचा चेहरा जमला होता. चार हात दिले होते, खालच्या ओठाला जरासा लालसर तपकिरीही लावला होता. कूलरमधून एक थेंब उडाला, बरोब्बर गालावर. टिपायला गेलो तर अर्धा गाल बोटाला. दुसरा थेंब कपाळावर पडला, तो तसाच वाळू दिला, तर बोअरच्या पाण्याचा पांढरा डाग! सुभेदाराला देवी आल्या.

चितारओळीत, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत, मूर्तीला रंग देताना पाहत उभा राहिलो होतो एकदा. एका फुटक्या वाटीत तीन-चार रंग, बोटाने ढवळायचं, मनगटावर पुसून पाहायचं, संपलं. बाटली नाही, नाव नाही, साडेतीनशे तर नाहीतच नाही. मीही आता मनगटावरच पाहतो. आई म्हणते ऑफिसला जाताना धुऊन जात जा.

ती गुलाबी बाटली फेकवत नाही, पैसे पडलेत. तिच्यात ऑकर मिसळला की तळहात-तळपायांना छान लागते, सावळ्या माणसाचे तळवे फिकेच असतात ना. फक्त तळहात सगळ्यांचे बंदुकीवर आहेत. आणि अर्ध्या शिपायांनी जोडे घातलेत.