अडचण सहा दिवसांची नाही

उत्क्रांती मान्य केली की बायबल सोडावंच लागतं, असं एका लेखात वाचलं. ते मला पटलं नाही. मी स्वतः ख्रिस्ती आहे. देवाने जग सहा दिवसांत घडवलं, असं बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आहे. त्याच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग आधीचे तीन दिवस कसले, हा प्रश्न सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांना डार्विनच्या चौदाशे वर्षं आधीच पडला होता. उत्क्रांती शिकवल्याबद्दल अमेरिकेत एका शिक्षकावर चाललेल्या १९२५च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीचे कट्टर विरोधक ब्रायन यांनीही साक्षीत कबूल केलं की ते दिवस २४ तासांचेच असतील असं नाही.

खरी अडचण मरणाची आहे. पापामुळे मरण जगात आलं, असं येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहितो. पण जीवाश्म सांगतात की माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरतच होते. अळीला जिवंतपणी आतून खाणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या असतील हे पटत नाही, असं डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिलं. ग्रे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि श्रद्धावान ख्रिस्ती. अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच लावून धरली, आणि श्रद्धाही सोडली नाही. पौल माणसाच्या मरणाबद्दल बोलतो, प्राण्यांच्या नाही, असं मला वाटतं. आमच्या पाळकांनी यावर वेदीवरून मोकळेपणाने बोलावं. कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी आमची मुलं हेच विचारत आहेत.