स्मृतिभ्रंशाचा प्रकार रक्ताच्या एका तपासणीवर ठरत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की रक्ताच्या एकाच तपासणीतून माणसाला स्मृतिभ्रंश आहे का आणि असल्यास कोणत्या प्रकारचा, हे नेमके कळते. त्यामुळे एमआरआयचा खर्च आणि बंगळूरच्या फेऱ्या वाचतात. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती दरवर्षी करून घ्यावी आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की निश्चिंत राहावे. मी बेळगावातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षे काम करते. हा संदेश मोबाइलवर दाखवत मुले-सुना काउंटरशी येतात, तेव्हा ज्यांच्याबद्दल बोलणे चाललेले असते ते आई-वडील मागच्या बाकावर गप्प बसलेले असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

संदेशात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूतील पेशींच्या बाहेर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी होतात. या बदलांबरोबर पी-टाऊ २१७ हे टाऊचे एक रूप रक्तात वाढू लागते, आणि ते मोजता येणे ही खरोखर मोठी मजल आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या रक्त तपासणीला परवानगी दिली. त्यासाठी ४९९ नमुने मेंदूतले अमायलॉइड दाखवणारा पेट (PET) स्कॅन किंवा मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीशी ताडून पाहिले होते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्क्यांमध्ये अमायलॉइड खरोखर होते, तर निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्क्यांमध्ये ते नव्हते. मात्र त्या मंजुरीतली अट संदेशात गाळली आहे: ही तपासणी ५५ वर्षांवरील, स्मरणशक्तीच्या तक्रारी सुरू झालेल्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांकडे उपचारासाठी आलेल्या रुग्णांसाठी आहे. शिवाय वीस टक्क्यांपेक्षा थोड्या कमी नमुन्यांचा निकाल धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही, असा मधलाच आला होता.

आता ‘प्रकार नेमका कळतो’ या विधानाकडे वळू, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तिथेच होते. वरची तपासणी मेंदूत अल्झायमरचे बदल आहेत का, या एकाच प्रश्नाला उत्तर देते. बदल नसतील तर आजार कोणता, हे ती सांगत नाही. ल्युई बॉडी स्मृतिभ्रंशात अल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन साचते. ते ओळखण्याची भरवशाची तपासणी आज प्रामुख्याने मणक्यातील पाण्यावर किंवा त्वचेच्या तुकड्यावर होते. स्वभाव आणि भाषा आधी बिघडवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशासाठी रक्तातली अशी स्वतंत्र खूण दवाखान्यात वापरण्याजोगी झालेली नाही. रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा स्मृतिभ्रंश एमआरआयवर दिसतो, म्हणून एमआरआय वगळून चालत नाही. न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन या सगळ्यांत वाढू शकते. चेतापेशींची हानी होते आहे एवढेच ते सांगते, कशाने होते आहे ते नाही. शिवाय वय वाढले की तेही वाढतेच. त्यातून ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या मेंदूत एकाहून अधिक आजार एकत्र नांदत असतात. म्हणून अल्झायमरची खूण सापडली, याचा अर्थ दुसरे काही नाही, असा होत नाही.

‘दरवर्षी प्रत्येकाने करावी’ हे त्याहून घातक आहे. सत्तरीत पोचलेल्या आणि स्मरणशक्ती शाबूत असलेल्या माणसांपैकीही साधारण चार-पाच जणांत एकाच्या मेंदूत अमायलॉइड आढळते, आणि त्यांतल्या अनेकांना पुढे कधीच स्मृतिभ्रंश होत नाही. समजा, तक्रार नसलेल्या हजार जणांपैकी शंभरांच्या मेंदूत हे बदल आहेत आणि तपासणी दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के अचूक आहे. मग खऱ्या शंभरांपैकी नव्वद पॉझिटिव्ह येतील, पण उरलेल्या नऊशेंपैकीही नव्वद पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी निम्मे चुकीचे, आणि तेवढ्या घरांत आजार नसताना रडारड.

नमुन्याची गोष्ट आम्हा लॅबवाल्यांनाच ठाऊक असते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलेले रक्त वेळेत सेंट्रीफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, प्लाझ्मा हा रक्तातला पातळ भाग वेगळा काढावा लागतो. ट्यूब तासन् तास तशीच राहिली तर अमायलॉइडचे आकडे घसरतात. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर पी-टाऊ २१७ अल्झायमर नसतानाही वाढलेले दिसू शकते. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या भागात मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन न पाहता हा रिपोर्ट वाचणे धोक्याचे आहे.

‘निगेटिव्ह म्हणजे निश्चिंत’ हेही खरे नाही. ब-१२ ची कमतरता, मंदावलेले थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साकळलेले रक्त, झोपेच्या गोळ्या यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे. त्यांतल्या रक्ताच्या तपासण्या कोणत्याही तालुक्याच्या गावी होतात आणि त्या आधी व्हायला हव्यात. स्मरणशक्तीची चाचणी मायबोलीत घ्या, असेही डॉक्टरांना जरूर सांगावे. उभा जन्म मराठीत गेलेल्या आज्जीला महिना आणि वार कन्नडमध्ये विचारला तर गेलेले गुण भाषेचे असतात, आजाराचे नसतात.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातून एक ताई आईला घेऊन आल्या. तोच संदेश, तीच मागणी. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, तेव्हा पिशवीत ती शोधता शोधता त्या सहज म्हणाल्या, "विसरणं राहू दे हो, आई तिन्हीसांजेला म्हणते, माजघरात पोरं खेळायला लागल्यात, त्यांना भाकरी दे. घरात लहान पोरच नाही." नसलेली माणसे इतकी स्पष्ट दिसणे हे ल्युई बॉडीचे लक्षण असू शकते, आणि त्या आजारात हॅलोपेरिडॉलसारखे शांत करणारे औषध दिले तर रुग्ण एकदम खालावू शकतो, म्हणून औषध लिहिण्याआधी डॉक्टरांच्या कानावर हे जायलाच हवे. निदान करणे माझे काम नव्हे. मी त्या दिवशी रक्त घेतले नाही. चिठ्ठी सापडली तेव्हा तिच्या पाठीमागे ताईंचे ते वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिले, आधी हे डॉक्टरांना वाचून दाखवा म्हणाले, आणि मावशींना हाताला धरून पायऱ्या उतरवून दिल्या.