बारीक माणसाचं लठ्ठ यकृत

बारीक माणसाला जगात फुकटची अब्रू मिळते. जिना चढताना त्याला धाप लागली की लोक म्हणतात, "अशक्तपणा असेल." तीच धाप जाड माणसाला लागली तर चार जण मिळून त्याचा आहार ठरवतात. मी आजवर या अब्रूवर मजेत जगलो. दुसऱ्यांदा वाढून घेताना मला कुणी हटकलं नाही. उलट "घे रे, याच्या अंगाला काही लागतच नाही" असा आग्रहच झाला. अंगाला लागत नव्हतं हे खरं. मग ते जात कुठे होतं, याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

ती भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत झाली. डॉक्टर म्हणाले, "यकृत जरा जास्तच चकाकतंय." मला क्षणभर कौतुकच वाटलं. मग कळलं की यकृतात चरबी साठली की ते पडद्यावर शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा पांढरं दिसतं. बायको शेजारी उभी होती. "यांच्या? चरबी?" एवढंच ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास नसतो हे मला ठाऊक होतं, पण माझ्या बारीकपणावर तिचा इतका गाढ विश्वास असेल असं वाटलं नव्हतं.

आता ही चरबी नेमकी किती? सोनोग्राफीचा हिशेब नजरेचा; थोडकी चरबी तिच्या हातून निसटूही शकते. खात्रीचा जुना मार्ग म्हणजे सुई खुपसून यकृताचा तुकडा काढायचा. तो तुकडा अख्ख्या यकृताच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो. उरलेल्या ४९,९९९ भागांचं म्हणणं काय, ते अंदाजानेच धरायचं. म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सुचवला. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, नुसतं पडून राहायचं. पडून राहण्यात माझा हात धरणारा अजून भेटलेला नाही, तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

आधी एक फॉर्म आला. पेसमेकर आहे का? मेंदूत क्लिप? डोळ्यात धातूचा कण? शरीरात बंदुकीची गोळी किंवा छर्रे? इतक्या रोमांचक आयुष्याचे प्रश्न मला पूर्वी कुणीच विचारले नव्हते, आणि सगळीकडे "नाही" लिहिताना आयुष्य वाया गेल्यासारखं वाटलं. घड्याळ, पट्टा, अंगठी, किल्ल्या सगळं काढून ठेवलं. आतलं चुंबक १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, आणि ते रात्रंदिवस चालूच असतं. पट्टा काढल्यावर पायजमा हाताने धरूनच मी त्या टेबलापर्यंत गेलो. बारीकपणाचा तोटा असा ऐन वेळी कळतो.

टेक्निशियनबाईंनी पोटावर सिग्नल टिपणारी चपटी कॉइल ठेवली, वेल्क्रोच्या पट्ट्या करकचून आवळल्या, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक रबरी फुगा दिला. "काही त्रास झाला तर दाबा." मी लगेच दाबून पाहिला. "काका, अजून आत गेलेलाच नाही तुम्ही."

आत गेल्यावर छत नाकापासून वीतभर अंतरावर. खरा छळ आवाजाचा असेल असा माझा समज होता, आणि आवाज होताही: ठकठक, घरघर, मग कुणीतरी भिंतीत ड्रिल मारतंय असा. पण तो सोसता येतो. छळ श्वासाचा असतो. हेडफोनमधून हुकूम आला, "श्वास घ्या. सोडा. आता थांबा." आणि मशीन सुरू. यकृत श्वासाबरोबर वरखाली हलतं, म्हणून ते स्थिर राहावं यासाठी वीसेक सेकंद दम धरायचा. वीस सेकंद म्हणजे काय मोठं, असं बाहेर बसलेल्यालाच वाटतं. श्वास सोडून झाल्यावर, पोटावर कॉइल असताना, पाचव्या सेकंदाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. दहाव्याला जुनी येणी आठवतात. पंधराव्याला आपण यकृतासाठी फुप्फुसं गमावतोय अशी खात्री पटते. मी अठराव्याच्या आसपास फुटलो. "काका, हललात. परत घेऊ."

तेवढ्या वेळात मशीन जे करतं ते मात्र दाद देण्यासारखं आहे. पाण्यात आणि चरबीत दोन्हीकडे हायड्रोजन असतो आणि त्याची केंद्रकं या चुंबकात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा गरगरतात. चरबीतली किंचित आळशी. पाण्यातल्यांपेक्षा सेकंदाला सुमारे २२० फेऱ्या मागे. मैदानाला चकरा मारणाऱ्या दोन मित्रांसारखं समजा: बरोबर निघाले, तरी थोड्या वेळाने एक या टोकाला आणि दुसरा बरोबर समोरच्या. इथे तो थोडा वेळ म्हणजे २.३ मिलिसेकंद. त्या क्षणी दोघांचा मिळून येणारा सिग्नल टिपला की पाणी वजा चरबी, ४.६ ला दोघं पुन्हा जोडीने आले की पाणी अधिक चरबी. दोन समीकरणं, दोन अज्ञात! ही युक्ती थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. शाळेत एकसामायिक समीकरणं मीही घासली होती, पण ती पुढे माझ्याच यकृतात सोडवली जातील अशी कल्पना गुरुजींनी दिली नव्हती.

अर्थात दोन मापांवर भागत नाही. यकृतात लोह जास्त असेल तर सिग्नल भराभर विझतो आणि हिशेब बिघडतो, म्हणून आता सहा-सहा वेळा टिपतात. आणि कधी कधी संगणक चक्क पाण्याला चरबी आणि चरबीला पाणी समजतो. हे वाचल्यावर माझ्या आशा बऱ्याच पल्लवित झाल्या होत्या.

चरबी आणि हे यंत्र यांचं नातं तसं जुनंच. रेमंड डमाडियन यांनी १९७७ मध्ये माणूस मावेल असं पहिलं मशीन बांधलं आणि आधी स्वतःच त्यात बसले. सिग्नल मिळेना. डमाडियनच जरा जाड पडत असावेत, असा कयास निघाला. मग ३ जुलैला लॅरी मिंकॉफ या सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं आणि सुमारे पावणेपाच तासांनी त्याच्या छातीचं एक चित्र मिळालं. पावणेपाच तास! आणि मी अठरा सेकंदांत गारद.

रिपोर्ट आला. यकृतातली चरबी ११ टक्के. पाच-साडेपाचच्या वर गेलं की जास्त. अदलाबदलीचा संशय मी विचारून पाहिला. रेडिओलॉजिस्ट शांतपणे म्हणाले, "तसं झालं असतं तर ८९ आलं असतं." पुढे ओघात सांगितलं की मोठ्या माणसाच्या मणक्यांतल्या मज्जेतही चाळीस-पन्नास टक्के चरबी निघू शकते आणि त्यात वावगं काही नाही. "याच्या अंगावर नुसती हाडं आहेत" असं म्हणणाऱ्या माझ्या आत्याला हे ऐकवायला हवं होतं.

सल्ला मिळाला तो वजन कमी करण्याचा. बारीक माणसालाही तीन ते पाच टक्के वजन उतरवल्याने फायदा होतो म्हणे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. टेपने मोजताना पोट आत ओढता येतं. इथे श्वास कसाही धरा, आकडा हलत नाही.

ऑफिसात मी डबा अर्धा केला तेव्हा शेजारच्या टेबलावरचे देशपांडे हादरलेच. तोंडी पटवणं शक्य नव्हतं, म्हणून मी खिशातून स्कॅनचं चित्र काढून पुढे केलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, ते करडं चित्र आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन! वहिनींना कितवा?"