खुर्ची कोणी अडवलीय? (मागच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

‘माळव्याचा माणूस’ ह्या नावाने मागच्या लेखाखाली ज्यांनी लिहिलंय त्यांना हे उत्तर. तिथेच खाली लिहायला घेतलं होतं पण लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतेय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की आपल्या इंदुरात साठीनंतरही नोकरीला जाणारी बहुतेक माणसं हौसेने जात नाहीत, पेन्शन पुरत नाही म्हणून जातात, आणि जी सोडतात ती पण बरेचदा स्वतःच्या मर्जीने सोडत नाहीत. त्यावर तुमचं म्हणणं: “काकू, रडगाणं पुरे. म्हातारे हाव सोडत नाहीत, खुर्ची अडवून बसतात म्हणून आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत. शेतकऱ्याला कुठे रिटायरमेंट असते, त्याच्यावर एक ओळ नाही. आकडे नाहीत. घरात बसून लेख लिहिणं सोपं असतं.”

काकू म्हणालात त्याचं काही नाही, वयाने असेनच मी तुमची काकू. पण त्या लेखाखाली किती जणांनी आपापल्या घरचं लिहिलं होतं ते वाचलंत का? एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांचे यजमान गुडघ्याला पट्टा बांधून रात्रपाळीची चौकीदारी करतात. त्याच्या बरोब्बर खाली तुम्ही रडगाणं आणि हाव लिहिलंत. असहमत असा ना, जरूर असा, मी कुणाला अडवलेलं नाही, पण जी माणसं तुमच्या वडिलांच्या वयाची आहेत त्यांच्याशी घरी तरी असं बोलता का तुम्ही? मला रात्री झोप लागली नाही हे वाचून, खरं सांगते.

आता एक गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती मी मान्य करते. सरकारी खात्यात पदं मोजून मंजूर असतात. 2018 मध्ये मध्य प्रदेश सरकारने रिटायरमेंटचं वय 60 वरून 62 केलं तेव्हा ती खुर्ची खरंच दोन वर्षं जास्त भरलेली राहिली, आणि भरतीची तयारी करत भंवरकुआंला खोली घेऊन राहिलेल्या मुलांना त्याचा राग आला असेल तर तो समजू शकते. फक्त ते वय म्हाताऱ्यांनी मोर्चे काढून वाढवून घेतलं नव्हतं. प्रमोशनमधल्या आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलेलं, लोक प्रमोशन न मिळताच रिटायर होतायत, असं कारण तेव्हा सरकारनेच दिलं होतं. आणि ती दोन वर्षं संपून माणूस घरी गेला की ते पद लगेच भरलं जातं असं कुणी म्हणत असेल तर त्याने कुठल्याही सरकारी ऑफिसात एक चक्कर मारून रिकाम्या टेबलांवर साचलेल्या फायली बघून याव्यात.

पण माझा लेख सरकारी लोकांवर नव्हताच. सांवेर रोड, पोलोग्राउंड, पीथमपूरचे कारखाने, सियागंज आणि क्लॉथ मार्केटच्या पेढ्या, खासगी दवाखाने, खासगी शाळा, इथल्या लोकांवर होता. इथे ‘खुर्ची अडवणं’ म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नाही असं दिसतं, म्हणून सविस्तर सांगते.

खासगी नोकरीत पीएफ कापला जातो, त्यातल्या मालकाच्या वाट्यातून पगाराचे 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात. ही योजना नोव्हेंबर 1995 पासूनची. हिशोब असा, पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. आता हा धरलेला पगार म्हणजे तुमचा खरा पगार नव्हे, त्याला वरून झाकण आहे, सप्टेंबर 2014 पासून 15,000 चं आणि त्याआधी 6,500 चं. म्हणजे कोणी पस्तीस वर्षं सलग नोकरी केली आणि सगळी वर्षं 15,000 वर धरली तरी महिन्याला 7,500. जास्त पगारावर पेन्शनचा पर्याय ज्यांना मिळाला ते सोडले तर साधारण हाच कळस. आज जे रिटायर होतायत त्यांची बरीच वर्षं 6,500 वाली आहेत, त्यांच्या हातात ह्याच्यापेक्षा बरंच कमी येतं. किमान पेन्शन 1,000 रुपये, 2014 पासून तेवढीच. आणि ह्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, जी रक्कम 58 व्या वर्षी ठरली तीच 75 व्या वर्षी. गॅसचं सिलिंडर किती झालं ह्या काळात ते तुमच्या घरी विचारा.

ज्यांचा पीएफच कधी कापला गेला नाही, हातठेलेवाले, धुणंभांडीवाल्या, गवंडी, त्यांच्यासाठी गरिबांची वृद्धावस्था पेन्शन आहे, आपल्याकडे महिन्याला 600 रुपये, त्यात केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाला 200. ह्या 600 वर घरी बसा म्हणून सांगाल कुणाला?

बरं, हे खासगी नोकरीवाले कामावर राहतात म्हणजे नेमकं काय करतात? 58 ला कंपनी हिशोब चुकता करते, ग्रॅच्युइटी देते, हार घालते, आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसाला बोलावते, या म्हणे, व्हाउचरवर घेऊ. पगार निम्मा किंवा त्याच्या आसपास, पीएफ नाही, सुटी घेतली तर पैसे नाहीत. काम तेच. म्हणजे ती खुर्ची जी तुमच्या मुलाला मिळायची म्हणताय ती खुर्ची राहिलेलीच नाही हो, मोडून तिचं स्टूल केलेलं असतं. उद्या तो म्हातारा उठला तर सेठ तिथे पूर्ण पगारावर, पीएफसकट मुलगा ठेवणार नाही. तो दुसरा रिटायर्ड माणूस शोधेल, नाही मिळाला तर ठेकेदाराकडून माणूस घेईल, नाहीतर जे आहेत त्यांच्यावरच काम टाकेल. माझ्या डोळ्यांसमोर झालंय हे.

आणि हे फक्त मी म्हणत नाही. फ्रान्सने 1983 मध्ये पूर्ण पेन्शनचं वय 65 वरून 60 वर आणलं, तेव्हा तिथे असंच म्हटलं जात होतं की वयस्कांनी जागा मोकळ्या केल्या की तरुणांना काम मिळेल. तरुणांची बेकारी तिथे त्यानंतरही मोठीच राहिली. पुढे ग्रुबर आणि वाइज ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बारा देशांतल्या संशोधकांकडून हा प्रश्न तपासून घेतला, 2010 मध्ये ते छापून आलं, त्यात वयस्क लोक जास्त काम करतात म्हणून तरुणांची कामं कमी होतात असं काही सापडलं नाही, उलट बऱ्याच ठिकाणी दोघांचं एकत्रच बरं किंवा वाईट चाललेलं दिसलं. ते देश श्रीमंत आहेत, आपल्याला जसंच्या तसं लागू नाही, मान्य. पण तुमच्याकडे तर तेवढंही नाही, तुम्ही फक्त हाव म्हणालात.

आता “घरात बसून लेख लिहिणं सोपं असतं” ह्याबद्दल. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं म्हणून सांगतेच. माझे बाबा इथल्या एका कापड मिलमध्ये होते. पन्नाशी ओलांडलेली असताना मिल बंद पडली. त्या वयात नवी नोकरी कोण देणार, क्लॉथ मार्केटात एका दुकानात रात्री राखण करायला जायला लागले ते सत्तरीपर्यंत जात होते. त्यांना हाव होती म्हणा माझ्यासमोर येऊन. हुकुमचंद मिलचं सगळ्या इंदुराला माहीत आहे (बाबांची मिल ती नव्हे, दुसरी), नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा चेक डिसेंबर 2023 मध्ये निघाला, साधारण 4,800 कामगारांसाठी. मधली तीस वर्षं ही माणसं काय करत होती? कुणी ऑटो चालवली, कुणी पोह्याचा ठेला लावला, कुणी चौकीदारी केली, आणि कित्येक जण चेक बघायच्या आतच गेले. तुम्ही ज्यांना खुर्ची अडवणारे म्हणताय त्यांची स्वतःची खुर्ची चाळिशी-पन्नाशीत काढून घेतली होती, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच बसत नाही.

माझं सांगायचं तर मी एका खासगी नर्सिंग होममध्ये बिलिंगला होते. नाव लिहीत नाही. पगाराचा थोडाच भाग कागदावर बेसिक म्हणून दाखवायचे आणि पीएफ तेवढ्यावरच कापायचे, बाकीचे भत्ते. तरुणपणी आम्हाला पण बरं वाटायचं की कापलं कमी जातं, हातात जास्त येतं. परिणाम आज बघते, माझी पेन्शन दोन हजारांच्या आत आहे. 58 ला मलाही व्हाउचरवर ठेवलं आणि मी राहिले, कारण यांची औषधं चालू होती. मग सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, चोवीस तास माणूस हवं झालं, आणि घरात माणूस म्हणजे कोण ते कुणाला विचारायची गरज पडली नाही. मी सोडली नोकरी. कुठल्या सरकारी कागदावर मी ‘काम सोडलेली’ म्हणून गेले असेन, पण मी दिवसाला जितकं काम त्यानंतर केलं तितकं बिलिंगच्या टेबलावर कधी केलं नव्हतं. आज सासूबाई नाहीत आणि मी घरी बसूनच सियागंजच्या दोन दुकानांचे हिशोब लिहिते. तर घरात बसून काय काय करता येतं ते मला शिकवू नका.

सोडणाऱ्यांचं अजून एक. पेढ्यांवर जुने मुनीम होते, खातेवही तोंडपाठ, कुणाचं किती येणं आहे ते न बघता सांगणारे. नोटबंदीचा गोंधळ कसाबसा निस्तरला त्यांनी, पण जुलै 2017 ला जीएसटी आला आणि दर महिन्याचं रिटर्न, पोर्टल, ओटीपी, त्यात एक आकडा चुकला की व्यापाऱ्याचा क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट, अडकतो. डोळ्याला मोतीबिंदू, कॉम्प्युटर कधी शिकवला नाही कुणी. माझ्या ओळखीतले दोघे त्याच वर्षी बसले घरी. बाहेर सांगताना ते पण म्हणतात ‘आता आराम करतो’. कुणी विचारलं तर हौसेने सोडली म्हणतील, पण त्यांना शिकवायला आठ-पंधरा दिवस कुणी दिले असते तर ते अजून बसलेले दिसले असते तुम्हाला पेढीवर. (तुम्हाला ते आवडलं नसतं, कारण खुर्ची.)

हौसेने करणारे नाहीत असं मी लिहिलेलं नाही. आहेत. डॉक्टर, वकील, सीए, गाण्याचे क्लास घेणारे, त्यांना काम सुटत नाही आणि सुटू पण नये. माझं वाक्य ‘बहुतेक’ होतं, परत वाचा.

आकडे हवेत म्हणालात. 2017-18 मध्ये देशभर वयस्क लोकांची एक मोठी पाहणी झाली, लासी म्हणतात तिला, मुंबईच्या आयआयपीएसने केली. त्यात साठीपुढच्या लोकांतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेव्हाही काम करत होते. आणि ते काम करणारे सगळ्यात जास्त कुठे होते? शेतीत. म्हणजे तुमच्या शेतकऱ्याला जो रिटायरमेंट नसल्याचा मुद्दा आहे तो माझ्याच बाजूचा आहे, त्याच्या बैलामागे कुठल्या तरुणाची खुर्ची अडकलीय ते सांगा. बाकी शेतीवर मी लिहिलं नाही कारण मला शेतीतलं कळत नाही, आमचं तीन पिढ्यांचं आयुष्य ह्या शहरात गेलंय, न कळणाऱ्या गोष्टीवर लिहायची मला सवय नाही.

तुमच्या मुलाला नोकरी नाही ह्याचं मला वाईट वाटतं, मनापासून. माझा भाचा पण चार वर्षं घरी होता. पण तो राग रात्रपाळीच्या चौकीदारावर काढू नका.

शेतीतलं तुम्हाला माहीत असेल तर लिहून पाठवा, मी ह्याच पानावर तुमच्या नावाने टाकते, एक शब्द न बदलता. फक्त ‘हाव’ आणि ‘रडगाणं’ परत आलं तर ती प्रतिक्रिया मी काढणार आहे, आधीच सांगून ठेवते, आणि त्या बाईंच्या प्रतिक्रियेखालची तुमची ओळ मी आज काढलेली आहे.