नाव काढलं!

शिवाजी पेठेतून पाचगावला राहायला गेलो, तेव्हा टेम्पोत दोन कपाटं, आजीचा तांब्याचा बंब आणि तुळशीची कुंडी चढवली. मत तेवढं पेठेतच राहिलं.

गॅस, बँक, आधार, सगळीकडचा पत्ता महिनाभरात बदलला. मतदार यादीला हात लावायचा मात्र धीर होईना. पाचगाव शहराला चिकटलेलं, पण ग्रामपंचायतीचं. कोल्हापूरची हद्दवाढ माझ्या लग्नाआधीपासून ‘आता होणार’ आहे. रंकाळ्याच्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसानं या वयात सरपंच निवडायचा?

मे २०२४ च्या लोकसभेला गुपचूप पेठेत जाऊन मत टाकून आलो. लोकसभेला दोन्हीकडं मतदारसंघ कोल्हापूरच, उमेदवारही तेच, अशी मनाची समजूत घातली. विधानसभेला ती पुरेना. पेठ ‘उत्तर’मध्ये, पाचगाव ‘दक्षिण’मध्ये.

“दारातल्या खड्ड्यासाठी आमदार कुठला गाठणार, उत्तरेतला?” बायकोनं विचारलं. तिनं स्वतःचं नाव कधीच इकडं आणलं होतं, न बोलता.

रात्री मोबाईलवर फॉर्म भरला. चारच दिवसांत मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई दारात. शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात. वही तपासल्यासारख्या माझ्याकडं बघत होत्या.

“फॉर्म ६ भरलाय तुम्ही. तो नव्या मतदारांचा. तुमचं वय बावन्न.”

“इथं नवीनच आहे की मी.”

“पत्ता नवा, तुम्ही जुनेच. स्थलांतराला फॉर्म ८ असतो. आणि दुसरीकडं कुठं नाव नाही, असं लिहून दिलंय. खोटं निघालं तर वर्षापर्यंत कैद आहे.”

कळंबा जेल आमच्या घरापासून तसं लांब नाही. डबा पोचवायला सोयीचं, असं बायको म्हणाली. मी त्याच बैठकीला फॉर्म ८ भरला.

दक्षिणेत नाव चढलं की उत्तरेतलं निघतं, हे आण्णांना सांगायचं राहून गेलं. ते अजून पेठेतच असतात. यादी चाळताना माझी जागा मोकळी दिसली आणि फोन आला.

“पोरगं घराण्याचं नाव काढंल म्हणत हुतो,” आण्णा म्हणाले. “काढलास बाबा. यादीतनं.”

२० नोव्हेंबरला पाचगावातल्या केंद्रावर रांगेत उभा राहिलो. पेठेत रांग म्हणजे कट्टाच. फुटबॉल, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं मत द्यायच्या आत कळायचं. इथं कर्मचाऱ्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं, तर एकानंही मान वळवली नाही. बटण दाबलं. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. दहा मिनिटांत बाहेर. करमेना.

गाडी आपसूक पेठेकडं वळली. मिसळीच्या गाडीपाशी नेहमीची मंडळी होती, प्रत्येकाच्या बोटाला शाई. मीही डावी तर्जनी उंच केली. एरवी ज्याच्या तोंडी माझ्यासाठी शिवीशिवाय शब्द नसतो, तो बालमित्र लगबगीनं उठला, माझ्यासाठी बाकडं पुसलं आणि म्हणाला,

“या पावनं, बसा. कधी आलासा?”