दिल्ली इंग्रजांनी नक्की कोणाकडून घेतली?

मागच्या महिन्यात दिल्लीला लाल किल्ला बघायला गेलो होतो, तिथला गाईड मोठ्या गर्दीला सांगत होता की औरंगजेबानंतर मुघल कमजोर झाले, मग अंग्रेज आले, मग १८५७ झालं. संपलं! मधली शंभर वर्षं गायब. आणि सोबतचे आपले मराठी लोक पण माना हलवत होते, याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून डोक्यात आहे म्हणून आज सविस्तर लिहितोय.

११ सप्टेंबर १८०३ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती जनरल लेक याने यमुनेच्या काठी पटपडगंजला लढाई जिंकली आणि दिल्लीत शिरला. समोर कोणाची फौज होती? मराठ्यांचे सरदार दौलतराव शिंदे यांची. बादशहा शाह आलम तेव्हा शिंद्यांच्या छत्राखाली होता. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली मुघलांकडून नाही, मराठ्यांकडून घेतली. मुघलांकडे तेव्हा घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं, "सल्तनत-ए-शाह आलम, अज दिल्ली ता पालम", म्हणजे शाह आलमचं राज्य दिल्लीपासून जवळच्या पालमपर्यंतच, असं लोकच म्हणायचे.

या शाह आलमची कहाणी खरंच काळीज हलवणारी आहे. १७६४ ला बक्सरला हरला, पुढच्या वर्षी बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, कंपनीला देऊन बसला, बदल्यात वर्षाला २६ लाख मिळायचे ठरलेले. १७७२ ला मराठे त्याला अलाहाबादहून दिल्लीला घेऊन आले तर इंग्रजांनी ते पैसेच बंद केले. मग १७८८ ला रोहिल्यांचा सरदार गुलाम कादिर याने त्याच्याच महालात त्याचे डोळे काढले. त्या आंधळ्या म्हाताऱ्याला परत गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. आणि हे पण सांगायला हवं, की पुढे आपल्या लोकांनी त्याच्या खर्चाला हात आखडताच घेतला, त्यामुळे लेक आला तेव्हा तो फाटक्या शामियान्याखाली बसलेला होता. ते वाचलं की मान खाली जाते.

आता त्याच युद्धातल्या असईच्या लढाईबद्दल. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. दिल्ली पडल्यावर बाराव्या दिवशी, २३ सप्टेंबर १८०३ ला, इथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी पडली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. वाटाड्ये त्याला सांगत होते की नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही, पण त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ओळखलं की गावं समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच. आपल्याकडचं कुठलंही शेंबडं पोर हे सांगेल हो, पण आपली फौज त्या उतारावर पहारा ठेवायला विसरली.

मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. दोन्ही बाजूला मका उभा, मधून गढूळ पाणी वाहतंय, काठावर एक जण बैल धूत होता. तिथे उभं राहून मला आठवत होते ते शिंद्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे. इंग्रजांची पलटण तोफांवर चालून आली तेव्हा हे लोक तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, पलटण पुढे निघून गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला! वेलस्लीला स्वतः मागे फिरून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याची पंधराशेच्या वर माणसं त्या दुपारी मेली किंवा जखमी झाली. वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणीसुद्धा लढाईतली आपली सगळ्यात चांगली कामगिरी म्हणून असईचंच नाव घ्यायचा. त्यामुळे "मराठे तेव्हा लढलेच नाहीत, नुसते ढेपाळले" असं कोणी बोललं की माझं डोकं सटकतं.

मग हरलो का? माझं स्पष्ट मत आहे, लढाई असईला नाही, पुण्यात हरलो. महादजी १७९४ ला वानवडीला वारले, नाना फडणवीस १८०० ला वारले, आणि मागे राहिला दुसरा बाजीराव आणि जेमतेम विशीतला दौलतराव. १८०१ ला बाजीरावाने विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. सख्खा भाऊ असा मारल्यावर यशवंतराव गप्प बसणार होते का? पुढच्या वर्षी, १८०२ ला, दिवाळीच्या सुमाराला हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंदे दोघांच्या फौजा उधळल्या, बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांच्या कुशीत, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून कंपनीची सहा हजारांची फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख देऊन बसला. एका तहात सगळं घर गहाण.

आणि १८०३ ला शिंदे लढत होते तेव्हा यशवंतराव बाजूला थांबले. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण यशवंतरावांवर माझं प्रेम आहे. पुढच्याच वर्षी त्याच माणसाने इंग्रज कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पळवलं, दिल्लीला वेढा घातला, आणि १८०५ च्या सुरुवातीला भरतपूरला जाटांच्या साथीने लेकला चार वेळा किल्ल्यावरून मागे ढकललं. पण तोवर शिंदे इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह करून मोकळे झाले होते. दोघं एकाच पावसाळ्यात उठले असते तर! सख्ख्या भावाच्या खुनाचं दुःख मी समजू शकतो, पण तरीही थांबायला नको होतं असंच मला वाटतं.

येत्या २३ सप्टेंबरला परत असईला जाणार आहे, यावेळी मुलीला घेऊन. तिला तो नदीचा उतार दाखवायचाय आणि ते गोलंदाज तोफांखाली कसे पडून राहिले ते तिथेच उभं राहून सांगायचंय. जालना, भोकरदन, सिल्लोड भागातलं कोणी येणार असेल तर कळवा, सकाळी लवकर निघू.